पगार आणि निकाल एकाच पानावर लावा

मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकणाऱ्या दोन मुलांचा पालक आणि त्याच शाळेच्या व्यवस्थापन समितीचा सदस्य आहे. माझी मागणी एकच आहे, ती आधीच सांगून टाकतो. राज्यातल्या प्रत्येक जिल्हा परिषद शाळेचे एक पान तयार करा. शाळेत शिक्षक कोण आहेत, शासन त्यांना दरमहा किती वेतन देते, मंजूर पदे किती आणि रिकामी किती, वर्षभरात शिक्षक किती दिवस वर्गाबाहेरच्या कामाला जुंपले गेले, शाळेला अनुदान किती आले आणि कोणत्या वर्गातल्या किती मुलांना वाचता येते, हिशेब करता येतो, हे सगळे त्या एका पानावर असावे. ते शाळेच्या दर्शनी भागात लागावे आणि ग्रामसभेत मोठ्याने वाचले जावे.

त्यासाठी नव्याने फारसे काही गोळा करावे लागणार नाही. प्रत्येक शिक्षकाचा पगार शालार्थ प्रणालीतून निघतो, म्हणजे रुपयापर्यंतचा हिशेब तिथे आहे. मंजूर पदे संचमान्यतेत असतात. शिक्षक किती दिवस अध्यापनेतर कामावर होते, असा रकाना यू-डायसच्या प्रपत्रात आहे. मुलांना काय येते हे पायाभूत आणि संकलित चाचण्यांतून दिसते. चाचणीचा आठवडा आला की आमच्या शाळेतल्या बाई ध्वजस्तंभाच्या कट्ट्यावर बसलेल्या दिसतात, कारण शाळेच्या आवारात मोबाईलला रेंज तेवढ्या एका जागी मिळते. एकेका मुलाचे प्रश्नवार गुण त्या मोबाईलवरच्या चॅटबॉटमध्ये भरत असतात. एका वर्गाचे गुण भरायला दुपार जाते. गुण पुण्याला विद्या समीक्षा केंद्रात पोहोचतात, तिथे त्यांचे आलेख होतात, अधिकाऱ्यांच्या बैठकीत ते आलेख दाखवले जातात. आमच्या समितीपुढे त्यातला एकही आकडा आजवर आलेला नाही. मुलाचे प्रगतिपत्रक घरी येते, पण शाळा म्हणून आपण कुठे आहोत हे समितीला माहीत नसते. आणि शिक्षण हक्क कायद्याने शाळेचा विकास आराखडा करण्याचे काम याच समितीवर टाकले आहे.

शाळांचे चित्र कळावे म्हणून बाहेरच्या पाहण्या होतात. 'असर'च्या 2024 च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांत तिसरीच्या 23.4 टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला, असे दिसले. असे अहवाल आले की चार दिवस अग्रलेख येतात. पण 'असर' ही नमुना पाहणी आहे. ती देशाचे, राज्याचे, फार तर जिल्ह्याचे सांगते. आमच्या गावातल्या तिसरीच्या अकरा मुलांपैकी किती जणांना वाचता येते, हे सांगणे तिचे कामच नाही. ते फक्त आपल्या खात्याला सांगता येते.

माहिती नसली की तिची जागा बोलणे घेते. गावात पारावर बसलेल्या कोणालाही विचारा, 'गुरुजीला लाखभर पगार आहे' हे उत्तर ठरलेले. 2022 च्या पावसाळी अधिवेशनाच्या सुमारास गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी मुख्यालयी न राहता घरभाडे भत्ता घेणाऱ्या शिक्षकांचा प्रश्न लावून धरला, तेव्हा हे बोलणे राज्यभर पेटले. शिक्षकांनी मोर्चे काढले. त्याच काळात वर्गात शिक्षकांचे फोटो लावण्याचा आदेश निघाला. फोटो लागले. पण वाद पगाराचा आणि हजेरीचा होता, आणि त्याबद्दलचा एकही आकडा भिंतीवर आला नाही.

तो आला असता तर गावाला काय दिसले असते? आमच्याच शाळेचे सांगतो. एका खोलीत शिकवणारे गुरुजी नोव्हेंबर 2005 च्या आधी लागलेले. सेवा पंचवीस वर्षांच्या वर, पगार भत्ते धरून लाखाच्या घरात, पुढे जुनी पेन्शन. शेजारच्या खोलीतल्या बाई त्या तारखेनंतर लागल्या, त्यामुळे मूळ वेतनश्रेणी तीच 29,200 ते 92,300 असली तरी निवृत्तीनंतरचे चित्र वेगळे. मार्च 2023 मध्ये राज्यातले कर्मचारी आठवडाभर संपावर गेले ते याच फरकापायी. आणि तिसरे सर शिक्षण सेवक. ते महिन्याला 16,000 रुपये मानधन घेतात आणि पहिली-दुसरी दोन्ही वर्ग एकत्र सांभाळतात. 2023 पर्यंत हेच मानधन 6,000 होते. पहिली-दुसरी हाच वाचनाचा पाया, आणि तोच शाळेतल्या सर्वांत कमी पैसे मिळणाऱ्या माणसाच्या हाती. हे गावातल्या दहा जणांनाही माहीत नाही. माहीत असते तर 'लाखभर पगार' हे वाक्य इतक्या सहज कोणाच्या तोंडून निघाले नसते, आणि ज्यांना खरोखर लाखभर मिळतो त्यांच्याकडून गावाने काय अपेक्षा ठेवायची हेही ठरले असते.

पगार ही खासगी बाब आहे, असे काही शिक्षक मित्र मला सांगतात. मला ते पटत नाही. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातल्या चौथ्या कलमात, कोणी न मागता प्रत्येक कार्यालयाने प्रसिद्ध करायच्या सतरा बाबी दिल्या आहेत. त्यातली दहावी बाब म्हणजे प्रत्येक अधिकारी-कर्मचाऱ्याला मिळणारे मासिक वेतन. हे 2005 पासून आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने आठव्या कलमातली वैयक्तिक माहितीची तरतूद बदलली, पण चौथ्या कलमाला हात लावलेला नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी एक गोष्ट मनाला लागते. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडणाऱ्या बाईचे नाव, तिने किती दिवस काम केले आणि तिला किती मजुरी मिळाली, हे सगळे संकेतस्थळावर जगाला खुले आहे. तिच्याकडून सरकार हिशेब उघड्यावर मागते. मग त्याच तिजोरीतून पगार घेणाऱ्या गुरुजींचा, गटशिक्षणाधिकाऱ्यांचा आणि शिक्षणाधिकाऱ्यांचा हिशेब कपाटात का?

कपाटात राहिलेल्या याद्यांनी काय केले ते आपल्या खात्याने पाहिले आहे. ऑक्टोबर 2011 मध्ये तीन दिवस राज्यभर पटपडताळणी झाली, तेव्हा सुमारे वीस लाख मुले पटावर होती आणि वर्गात नव्हती. त्यांच्या नावावर पोषण आहार, गणवेश, शिक्षकांची पदे, सगळे चालू होते. 2025 च्या एप्रिलमध्ये नागपूर विभागात बोगस शालार्थ आयडीचे प्रकरण उघडकीला आले. नियमबाह्य नेमणुकांचे शिक्षक कागदोपत्री उभे करून त्यांचे पगार काढले जात होते, आणि शिक्षण उपसंचालकांनाही अटक झाली. पहिल्या प्रकरणात मुले खोटी होती, दुसऱ्यात शिक्षक. दोन्हीकडे फसवणूक चालली ती यादी फक्त वरच्या कार्यालयात पाहिली जात होती म्हणून. शाळेच्या दारावर शिक्षकांची नावे आणि पगार लागले असते, तर 'हे अमुक सर कोण? आम्ही तर कधी पाहिले नाहीत' असे पहिल्याच आठवड्यात एखाद्या पालकाने विचारले असते. त्याला ना चौकशी समिती लागते, ना पोलीस.

आपल्याकडे याची रीत आहेच. महसूल खाते सातबाऱ्याचे चावडी वाचन करते. तलाठी नावे वाचतो आणि गावकरी जागच्या जागी चूक दाखवतात, वारस राहिला, क्षेत्र चुकले, विहिरीची नोंद नाही. जमिनीच्या बाबतीत गावावर विश्वास ठेवता, तो शाळेच्या बाबतीतही ठेवा.

आता एका धोक्याबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे, कारण माझी मागणी अर्धवट मान्य झाली तर तिच्यातून नुकसानच होईल. पगाराचा आकडा एकीकडे आणि पट दुसरीकडे ठेवून कोणी सरळ भागाकार केला, तर पहिला बळी छोट्या शाळांचा जाईल. वीसपेक्षा कमी पटाच्या 14,783 शाळा राज्यात असल्याचे काही वर्षांपूर्वी शासनाकडूनच सांगितले गेले. त्यांत सुमारे 1 लाख 85 हजार मुले आणि 29,707 शिक्षक. भागाकार केला तर एका शिक्षकामागे सहा-सात मुले. मंत्रालयातल्या टेबलावर हा आकडा उधळपट्टी वाटेल. पण या शाळा आहेत कुठे? सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरच्या धनगरवाड्यांत, मेळघाटात, अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांवर, कोकणातल्या दूरदूरच्या वाड्यांत. तिथे मुलेच तेवढी आहेत. पहिली ते पाचवी पाच वर्ग आणि दोन शिक्षक, म्हणजे एकेक जण एका वेळी दोन-तीन इयत्ता शिकवतो. शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी हा नियम याच मुलांसाठी केला गेला. पावसाळ्यात ओढा भरला की दोन किलोमीटरवरची शाळा सहा वर्षांच्या पोरीसाठी नसल्यातच जमा होते. म्हणून पानावर दरडोई खर्चाचा रकाना नको. पट कमी का आहे, वस्ती केवढी आहे आणि पुढची शाळा किती लांब आहे, हे मात्र लिहिलेले हवे. पट गळण्याची कारणे वेगळीही असतात. खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेचा पट एकेकाळी अवघ्या तीनवर आला होता. त्याच शाळेने 2025 मध्ये जगातल्या सर्वोत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकांच्या मतांवरचा पुरस्कार मिळवला. पट तीन असताना भागाकार करून कुलूप लावले असते, तर ही गोष्ट घडलीच नसती.

पगार वाढवला की शिकणे आपोआप वाढते, हेही खरे नाही, आणि पगाराचा शिकण्याशी संबंधच नाही हेही खरे नाही. इंडोनेशियाने प्रमाणपत्र मिळवणाऱ्या शिक्षकांचे मूळ वेतन दुप्पट केले. संशोधकांनी शेकडो शाळांत दोन-तीन वर्षे पाहिले. शिक्षक समाधानी झाले, त्यांची जोडधंद्याची गरज घटली, पण मुलांच्या गुणांत फरक पडला नाही. त्याच्या आधी आंध्र प्रदेशातल्या ग्रामीण सरकारी शाळांत कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी वेगळा प्रयोग केला होता. मुलांच्या प्रगतीनुसार शिक्षकांना वार्षिक वेतनाच्या तीनेक टक्के बक्षीस. दोन वर्षांत गणितात आणि भाषेत मुले स्पष्टपणे पुढे गेली. आपल्याकडे वेतन सेवेच्या वर्षांनुसार वाढते, कामानुसार वाढत नाही. त्यावर चर्चा व्हायला हवी, पण ती आकडे समोर ठेवून.

आणि तरीही मी प्रत्येक शिक्षकाच्या नावासमोर त्याच्या वर्गाचे गुण लावा असे म्हणत नाही, म्हणणार नाही. अमेरिकेत 'लॉस एंजेलिस टाइम्स'ने 2010 मध्ये सुमारे सहा हजार शिक्षकांची नावानिशी क्रमवारी छापली, मुलांच्या गुणांवरून काढलेली. मुलांच्या गुणांवर एका माणसाची लायकी ठरवणे किती कच्चे असते, यावर तिथे मोठा वाद झाला. अटलांटा शहरात गुणांचे लक्ष्य, बोनस आणि नोकरीची भीती एकत्र आल्यावर शिक्षक आणि मुख्याध्यापकांनीच मुलांच्या उत्तरपत्रिका दुरुस्त केल्या. 2011 च्या चौकशीत 178 जणांची नावे आली, 2015 मध्ये अकरा जण दोषी ठरले. आपल्या शाळांत चाचणी शिक्षकच घेतात, तपासतात आणि गुणही तेच भरतात. त्या गुणांवर पगारवाढ किंवा बदली अवलंबून ठेवली, तर सहा महिन्यांत राज्यातली सगळी मुले हुशार झालेली दिसतील. म्हणून निकाल शाळेचा लावा, आणि तो एका आकड्यात लावू नका. वर्षाच्या सुरुवातीला तिसरीतली किती मुले अक्षराला अक्षर जोडून वाचत होती, वर्षअखेरीस किती सलग वाचू लागली, हातच्याची वजाबाकी किती जणांना येते, हे साध्या मराठीत लिहा. ते वाचायला माझ्यासारख्या बारावी झालेल्या पालकाला पदवी लागत नाही, आणि माझ्या आईलाही ते ऐकून कळेल. आकडे वर्गाचे असले तरी छोट्या शाळेत वर्गावरून शिक्षक ओळखू येतील, हे मला मान्य आहे. म्हणून दोन शिक्षकांच्या शाळेत पहिली ते पाचवीचे एकत्रित चित्र द्यावे.

बीड-अहिल्यानगरकडच्या शाळांसाठी आणखी एक गोष्ट पानावर हवी. दिवाळीनंतर ऊसतोडीची कुटुंबे निघतात. पटावर तीस मुले आणि जानेवारीत वर्गात सतरा, असे तिथे होते. उरलेली कारखान्याच्या तळावर कोपीत, म्हणजे झोपडीत, असतात. चाचणीच्या दिवशी किती मुले हजर होती, हे लिहिल्याशिवाय निकालाला अर्थ नाही. नाहीतर गैरहजर मुले निकालातूनच नाहीशी होतात, आणि ती नाहीशी होऊ नयेत म्हणूनच तर हे सगळे करायचे आहे.

शिक्षकांना हे पान आपल्या विरोधात आहे असे वाटू नये. त्यातला सर्वांत उपयोगी रकाना त्यांच्याच बाजूचा आहे. शिक्षण हक्क कायद्याचे सत्ताविसावे कलम सांगते, जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक याखेरीज शिक्षकाला दुसरे काम देऊ नये. त्याच कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाला किमान 200 दिवस आणि सहावी ते आठवीला 220 दिवस अध्यापन हवे. जानेवारी 2024 मध्ये मागासवर्ग आयोगाच्या सर्वेक्षणासाठी शिक्षक घरोघर फिरत होते. मतदार याद्यांची बीएलओची (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याची) कामे वर्षभर असतात. शिवाय आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, आणि 'आजच्या आज पाठवा' म्हणून व्हॉट्सॲपवर येणारे आदेश. आमच्या बाई म्हणतात, 'दादा, मला शिकवू द्या एवढेच मागते.' या दिवसांचा आकडा भिंतीवर लागला आणि ग्रामसभेत वाचला गेला, तर पुढच्या वेळी वाचन कच्चे का राहिले हे विचारताना बोट फक्त बाईंकडे वळणार नाही. तहसीलदारांकडे, गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि, मंत्रिमहोदय, आपल्याकडेही वळेल. ते वळायला हवे.

रिक्त पदांचेही तसेच. मंजूर पदांच्या दहा टक्क्यांहून अधिक पदे रिकामी ठेवू नयेत, हे शिक्षण हक्क कायद्याच्याच सव्विसाव्या कलमात आहे. अनुदानाचेही तसेच. तीस पटापर्यंतच्या शाळेला समग्र शिक्षामधून वर्षाला दहा हजार रुपये संयुक्त अनुदान मिळते. त्यात खडू, वीजबिल, स्वच्छता, किरकोळ दुरुस्ती, सगळे भागवायचे. वेतनावर लाखो आणि शाळेवर दहा हजार, हे गावाने एकाच पानावर वाचले की लोकवर्गणी मागायला येणाऱ्या मुख्याध्यापकांकडे गाव वेगळ्या नजरेने पाहील.

पानावर काय नको, तेही सांगतो. पतसंस्थेचा हप्ता, भविष्य निर्वाह निधीची कपात, आजारपणाची रजा, घरचा पत्ता, मोबाईल क्रमांक, बँक खाते यांतले काहीही नको. सरकार काय देते ते लोकांचे. त्यातले शिक्षक कशावर खर्च करतो, ते त्याचे. मुलांची नावे तर कुठेच नकोत.

एक आक्षेप मी टाळू शकत नाही. गावातले राजकारण शिक्षकाला छळेल, एखादा पुढारी पगाराचा आकडा दाखवून दमदाटी करेल, बाहेरगावाहून येणाऱ्या एकट्या बाईंना त्रास होईल. हे होऊ शकते. मी गावातच राहतो, मला ते माहीत आहे. म्हणून वाचन ग्रामसभेत व्हावे, पण चर्चा शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत व्हावी. तिच्यात पंचाहत्तर टक्के पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असा कायदा आहे. जिथे समिती कागदावरच आहे, तिथे आधी ती उभी करा. पण छळाच्या भीतीने पान दडवून ठेवले तर छळ थांबत नाही. आज तो अफवांवर चालतोच आहे, आणि अफवेला उत्तर द्यायला शिक्षकाच्या हातात काहीच नसते.

मंत्रिमहोदय, दर वर्षी 15 ऑगस्टला राज्यात ग्रामसभा होतात. येत्या ग्रामसभेआधी एक शासन निर्णय काढा. प्रत्येक शाळेचे हे पान गटशिक्षणाधिकाऱ्यांनी तयार करावे, कारण त्याचेही ओझे पुन्हा शिक्षकावर नको. मुख्याध्यापकांनी ते तपासून सही करावी आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी ते वाचावे. सगळ्या राज्यात एकदम जमत नसेल तर प्रत्येक जिल्ह्यात एक तालुका घ्या. आणि पहिले पान आपल्या मतदारसंघातल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेच्या दारावर लावा.

आपला,
जिल्हा परिषद शाळेचा एक पालक